गेट लागलं

"बाबा, 'गेट'ले मराठीत काय म्हणते?"

मधुकरराव देवघरासमोर बसून चिपळ्यांना तेलाचं बोट लावत होते. मान वर न करता म्हणाले, "फाटक."

"तो गेट नाही हो! क्रियापद. इंग्लिशमधलं."

"मग मिळणे."

"तेच तर सारे सांगते. पण मिळणे म्हटल्यानं भागून नाही राहिलं ना! 'गेट अप'मध्ये काय मिळते? 'गेट लॉस्ट'मध्ये काय मिळते?"

"अपमान मिळते," स्वयंपाकघरातून गोपिकाबाईंचा आवाज आला.

दामिनीला हसू आलं नाही. सकाळपासून दूधवाल्यापासून शेजारच्या सोनिकापर्यंत सगळ्यांना तिचं विचारून झालं होतं. ती घरी बसून इंटरनेटवरून कोलंबिया देशातल्या मंडळींना इंग्रजी शिकवत असे. त्या मंडळींची भाषा स्पॅनिश, आणि स्पॅनिशचा कारभार एखाद्या मोठ्या घरासारखा. पाणी भरायला वेगळा गडी, दिवे लावायला वेगळा, निरोप न्यायला आणखी तिसरा. पोचणे निराळं, उमगणे निराळं, चिडणे, थकणे, मिळवणे, सगळ्यांना आपापलं क्रियापद. इंग्रजीने मात्र 'गेट' नावाचा एकच गडी ठेवलेला, आणि तोच दर वेळी वेगळं पागोटं बांधून सगळ्या घरात हिंडतो. नव्या पाहुण्याचा गोंधळ उडणारच. "टीचर, हा पुन्हा आला!" असं कोलंबियाचे लोक कळवळून म्हणत, आणि मग दामिनी त्यांना समजावायला लागे.

दामिनी एकदा समजावायला लागली की थांबणं कठीण. "या पोरीले देव पूर्णविराम द्यायचाच विसरला," असं गोपिकाबाई तिच्या बालवाडीपासून म्हणत आल्या होत्या.

तर तिला शिकवायला घेणाऱ्या संस्थेने तीन चाचणी-तास ठेवले होते. दोन पडले होते. तिसरा आज साडेपाचला, विषय 'गेट', आणि ऐकायला संस्थेच्या तपासणीस बाई स्वतः बसणार होत्या. हाही तास पडला तर भिवापूरला मामाच्या मिरचीच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मामा फार प्रेमळ होता. पण मिरची ती मिरची. गोदामाच्या नुसत्या आठवणीने दामिनीला शिंक येई. शिवाय हे काम तिला मनापासून आवडलं होतं. सात समुद्रांपलीकडचा माणूस सकाळी उठून आपल्याला 'टीचर' म्हणतो, हे तिला अजून स्वप्नासारखं वाटे.

"आज तुझा वर्ग अन् माझं कीर्तन एकाच वेळेले," मधुकरराव चिपळ्या वाजवून पाहत म्हणाले. "दोघायची लाज रामरायाच्या हाती."

त्यांचं तर आज कीर्तनाला पहिलंच उभं राहणं होतं. घराच्या पाठीमागे, एका भिंतीच्या अंतरावर रामाचं देऊळ. नेहमीच्या बुवांचा घसा बसला, म्हणून देवळाचे विश्वस्त चंपतराव नाइलाजाने वीज कार्यालयातून निवृत्त झालेल्या या शेजाऱ्याकडे आले होते. जन्मभर कीर्तनं ऐकून ऐकून मधुकररावांच्या अंगात कीर्तन असं मुरलं होतं, की भाजी घ्यायला गेले तरी ते वांग्यांसमोर एक पाय पुढे टाकूनच उभे राहत. चंपतरावांनी सरावासाठी देवळाचा नवा, चाकांचा स्पीकर आदल्या दिवशी घरीच पाठवला होता. फोनवर बोलायचीही त्यात सोय होती, म्हणजे त्याला तोंड होतं तसा कानही होता. दामिनीने आपला लॅपटॉप त्याला बिनतारी जोडून दिला आणि वडिलांसाठी तंबोऱ्याचा सूर लावून ठेवला. तो सूर रात्री घरभर धुपासारखा दरवळत राहिला होता.

मार्गशीर्षातली ती संध्याकाळ मोठी सुरेख होती. गल्लीवर निळसर धूर तरंगत होता, कुणाच्या तरी अंगणात संत्री सोलली जात होती, आणि त्या वासाने हवा अशी गुंगली होती की सायकलीची घंटासुद्धा दूरच्या गावाहून आल्यासारखी वाटे. मधुकरराव फेटा बांधून देवळात गेले. पाठोपाठ गोपिकाबाई पेटीवर बसायला गेल्या. स्पीकर त्याआधीच तिकडे गेला होता, आणि बरोबर घराच्या भिंतीला लागून उभा राहिला होता.

दामिनीने खोलीचं दार लावलं, आतून कडी घातली, कीर्तनाचा आवाज वर्गात नको म्हणून कानांवर जाडजूड हेडफोन चढवले आणि लॅपटॉप उघडला. लॅपटॉप हा फार इमानी प्राणी. हेडफोनशी त्याची ओळख जुजबी होती. काल रात्रभर ज्याच्याबरोबर तंबोरा लावला, त्या सोबत्याला त्याने भिंतीपलीकडून हुडकलं आणि गुपचूप त्याच्याच गळ्यात पडला.

पडद्यावर पाच चौकटी उजळल्या. तिकडे सकाळ होत होती. एउसेबियो आजोबा खिडकीपाशी बसले होते, मागे डोंगरावर धुकं. लुसीया नावाची तरुण बाई वाफाळता पेला दोन्ही हातांत धरून होती. सहावी चौकट काळी होती. त्या तपासणीस बाई.

सगळ्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. काचेच्या हंडीतले मासे बोलावेत तसं ते दृश्य होतं.

"मला तुमचा आवाज येत नाहीये," दामिनी इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला माझा येतोय ना? येत असेल तर हात वर करा."

पाचही माणसं जराशी बावरली. एकमेकांकडे पाहिल्यासारखं केलं. आणि मग सगळ्यांनी हात वर केले. एक नाही, दोन्ही.

'किती उत्साही लोक!' दामिनीला वाटलं, आणि जीव भांड्यात पडून ती शिकवायला लागली.

देवळात काय झालं होतं, ते असं. नमन संपलं होतं. मधुकररावांनी डोळे मिटून स्वतःच रचलेलं पद धरलं होतं :

"लागली रे लागली, ओढ तुझी लागली,
उन्हात चालता जशी सावली रे लागली..."

आवाज थरथरत होता, पण थरथरण्यातही गोडवा होता. नत्थूजींचा तबला नुकता रंगात येत होता. तेवढ्यात स्पीकर बोलला, "हॅलो? टीचर? गुड मॉर्निंग!"

नत्थूजींचा हात हवेतच राहिला.

"दिवेलागणीले गुड मॉर्निंग?" पहिल्या रांगेतल्या बायजाबाई म्हणाल्या. "कोण वं हे?"

"स्पीकर बिघडला का गा?" चंपतराव खांबाजवळून उठले. "आताच तर आणला!"

"टीचर दामिनी? कॅन यू हिअर अस?"

गोपिकाबाईंनी पेटीवरचा हात काढला. "अहो, हे तर आपल्या दामिनीचे विद्यार्थी होय! तिचा वर्ग इकडं येऊन राहिला!"

"बंद करून टाकू का याले?" नत्थूजींनी वायरीला हात घातला.

"थांब गा!" मधुकरराव ओरडले. "याच्यातूनच वर्ग चालू असंन अन् आपण बंद केला, तं पोरीचा वर्गच बंद पडंन. बायजाबाई, जा बरं, तिले सांगा."

बायजाबाई लगबगीने गेल्या. इकडे स्पीकरमधून कुजबुज चालू होती, आणि मग एक करकरीत आवाज आला. तो तपासणीस बाईंचा. शिक्षिका बोलत नसेल तर आपण तास इथेच संपवू, अशा अर्थाचं काहीतरी. मधुकररावांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण जन्म सरकारी कचेरीत गेल्यामुळे नकाराचा सूर ते कुठल्याही भाषेत ओळखत. त्यांच्या डोळ्यांपुढे भिवापूरचं गोदाम उभं राहिलं. लाल ढीग. ढिगाआड शिंकणारी लेक.

कीर्तनकाराचं मन कसं असतं? समोर जो आला तो श्रोता. तो कुठल्या दारातून आला हे विचारायचं नसतं.

"नो नो मॅडम!" मधुकरराव स्पीकरकडे वळून, एक पाय पुढे टाकून म्हणाले. "प्लीज वेट! वर्ग इज गोइंग ऑन. गॉड इज हिअर. एव्हरीबडी, हँड्स अप! बोथ हँड्स!"

देवळातल्या सगळ्यांनी सवयीने हात वर करून रामनामाचा गजर केला. त्याच वेळी समुद्रापार पाच माणसांनीही हात वर केले. ते हात दामिनीने पाहिले, आणि पुढे काय समजली ते आपण ऐकलंच.

बायजाबाई धापा टाकत परत आल्या. "दार लागलं हाय!"

"ठोकायचं ना मग!"

"ठोकलं ना! आतून कडी हाय. खिडकीतून पाह्यलं, पोरीचे कान झाकले हायेत अन् एकटीच हातवारे करून बोलून राहिली. मधुकरराव, मले तं भेव लागून राहिलं. पोरीले बाहेरचं काही लागलं तं नाही ना?"

"दार लागलं," मधुकरराव पुटपुटले. "भेव लागलं. बाहेरचं लागलं."

आणि ते समईच्या ज्योतीकडे पाहत राहिले. पाहणाऱ्यांना वाटलं, बुवा पद विसरले. पण तसं नव्हतं. त्या क्षणी गाभाऱ्यातल्या अंधुक उजेडातून शब्द पाखरांसारखे उडून त्यांच्या फेट्याभोवती घिरट्या घालत होते. भूक, तहान, थंडी, ठेच, नाद, नोकरी. आणि प्रत्येक पाखराच्या पायाला एकच दोरा होता.

"गोपिका!" ते कुजबुजले. "अवं, 'गेट' म्हंजे लागणे!"

"आँ?"

"एक्स्क्यूज मी, सर," स्पीकरमधून एउसेबियो आजोबांचा खोल, थकलेला आवाज आला. "आय डोन्ट गेट धिस 'गेट'."

"यू विल गेट, आजोबा," मधुकरराव म्हणाले. "सूर द्या."

पेटी वाजली. आख्यान सुरू झालं. उमरेडच्या एका गरीब विणकराची ती गोष्ट होती. देवासाठी उपरणं विणून तो डोंगरावरच्या देवळाकडे पायी निघाला. मधुकररावांनी ती मराठीतून सांगायची म्हणून तयार केली होती. आता ती एक पाय इकडे आणि एक पाय कोलंबियात ठेवून चालू लागली.

"पहाट झाली. ही गेट्स अप! ही गेट्स रेडी! वाटेला लागला!" मधुकरराव जागच्या जागी चालायला लागले. "चालता चालता, ही गेट्स हंग्री..." त्यांनी पोटावर हात ठेवला, चेहरा असा केविलवाणा केला की बायजाबाईंचा हात आपोआप डब्याकडे गेला. "काय झालं?"

"भूक लागली!" देऊळ म्हणालं.

"बूक लागली," स्पीकर म्हणाला. मागून लुसीयाचा आवाज आला, "आह! आय गेट हंग्री!"

"करेक्ट! मग ही गेट्स कोल्ड. काय झालं?"

"थंडी लागली!"

"तंदी लागली! आय गेट कोल्ड!"

"दगड आला. फूट गेट्स हर्ट!" मधुकरराव असे अडखळले की फेटा डोळ्यांवर आला.

"ठेच लागली!"

"रानात रस्ता सापडेना. ही गेट्स लॉस्ट! गोल गोल गोल..."

"चकवा लागला!" नत्थूजी तबला सोडून ओरडले, कारण त्यांना तरुणपणी खरोखरच लागला होता.

पलीकडचे लोक हसत होते, चुकत होते, एकमेकांना दुरुस्त करत होते. कुणी 'आय गेट टायर्ड' म्हणे, कुणी 'आय गेट द बस' म्हणे, आणि देवळातली मंडळी त्यातलं जमेल ते मराठीत लावून पाहत. बस लागते का? "लागते ना गा," चंपतराव तोंड फुगवून म्हणाले. त्यांना घाटात नेहमी लागत असे. आता ते खांब सोडून पुढे येऊन बसले होते.

"पण सर," लुसीयाने विचारलं, आणि तिचं बोलणं, लेकीचे वर्ग ऐकून ऐकून इंग्रजी कळू लागलेल्या गोपिकाबाईंनी हळूहळू उलगडून सगळ्यांना सांगितलं, "म्हणजे या 'गेट'ला स्वतःचा असा अर्थच नाही का? त्याच्याशेजारी कोण बसलंय ते बघायचं?"

मधुकररावांचे डोळे भरून आले. शेजारी कोण बसलंय ते बघायचं! जन्मभर ऐकलेल्या निरूपणांत त्यांना इतकी सोपी गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

"लागण्याचं तसंच असते बाई," बायजाबाई स्पीकरला म्हणाल्या. "शेजार पाहून वागते. आमच्या सुनेसारखं."

तिकडे बंद खोलीत दामिनीचा तास स्वप्नात चालावा तसा चालला होता. आवाज नाही, गडबड नाही, कुणी मध्ये तोंड घालत नाही. ती बोलत होती आणि चेहरे उमलत होते. तिने नियम सांगितला की लुसीया टाळी वाजवे. तिने अपवाद सांगितला की सगळे हसून लोटपोट. कर्मणी प्रयोगातलं 'गेट' ती सांगत असताना तर पाचही जण संथपणे डोलायला लागले. व्याकरणावर माणसं डोलताना दामिनीने प्रथमच पाहिली. तिचा स्वतःचा आवाजही त्या जाड हेडफोनआडून तिला विहिरीच्या तळातून आल्यासारखा ऐकू येत होता, गोड आणि परका. आपण जमिनीपासून चार बोटं वर बसलोय असं तिला वाटलं.

देवळात विणकर डोंगरावर पोचला होता. "पण देवळाचं दार? द डोअर गॉट शट! दार..."

"लागलं!" इकडून आणि तिकडून एकच हाक आली.

"आवाज कोणाले देणार? तो पायरीवर बसला. उपरणं छातीशी धरलं. अन् थकल्या जिवाचा, ही गॉट स्लीपी, डोळा लागला." मधुकररावांचा आवाज खाली खाली आला. गोपिकाबाईंनी पेटीचा एकच सूर धरून ठेवला. "सकाळी पुजारी आला. दार उघडलं. पाह्यते तं काय! उपरणं पायरीवर नाही. उपरणं देवाच्या खांद्यावर! विणकरानं मागितलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. नुसता पाहत राहिला. ही गॉट इट. त्याले पत्ता लागला."

मग एउसेबियो आजोबा बोलले, एकेक शब्द चाचपत, अंधारात पायरी शोधावी तसे.

"आय गेट ओल्ड. माय हाऊस गेट्स क्वाएट. आय डोन्ट गेट व्हिजिटर्स." मग म्हणाले, "टुडे, आय गॉट टू अ टेम्पल."

"काय म्हणून राहिले?" बायजाबाईंनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाचं घर आहे," गोपिकाबाई म्हणाल्या. "कोणी येत नाही म्हणते. आज पाय देवळाले लागले म्हणते."

बायजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि स्पीकरच्या डोक्यावरून हात फिरवला.

पलीकडे आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते. दामिनीने ते पाहिलं. ती त्या वेळी अनियमित रूपांवर होती. 'गेट, गॉट, गॉटन' म्हटल्यावर वयस्क माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं, याहून शिक्षकाला काय हवं? तिलाही भरून आलं. वेळ झाली तेव्हा पाचही जणांनी हात जोडून मान लववली. दामिनीनेही जोडले, हेडफोन काढले, आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून ती कडी काढून धावत सुटली.

देवळात आरती होऊन प्रसाद वाटला जात होता.

"बाबा! आई!" ती पायऱ्या चढतानाच बोलायला लागली. "आज काय झालं माहीत आहे का? मी अशी बोलली, अशी बोलली, का लोक रडले! ते एउसेबियो आजोबा तर..."

"पोरी, अवं त्यायले तं..." बायजाबाईंनी तोंड उघडलं. गोपिकाबाईंनी त्यात संत्र्याची फोड घातली.

मधुकररावांनी नजरेनेच सगळ्यांना गप्प केलं. लेक इतकी वर उडत होती, तिला खाली ओढायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. चंपतराव छताकडे पाहू लागले. नत्थूजी तबल्याला गवसणी घालण्यात गुंग झाले.

"तुम्ही असे काहून चूप आहा सगळे?" दामिनीने विचारलं. तेवढ्यात हातातला फोन किणकिणला. संस्थेचा निरोप. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता मराठी करून सांगायला लागली.

"'मागच्या दोन्ही तासांत तुम्हीच सगळा वेळ बोललात. विद्यार्थ्यांना तोंड उघडता आलं नाही, हेच आमचं म्हणणं होतं. आज मात्र...'" ती थबकली. "'आज मात्र तुम्ही एक शब्दही उच्चारला नाही.'"

बायजाबाईंनी तोंडातली फोड न चावताच गिळली.

"'इतकं मौन पाळणारी शिक्षिका आम्ही आजवर पाहिली नव्हती. नुसते ओठ हलवून तुम्ही विद्यार्थ्यांना धीर देत होता, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करून... नेमणूक कायम.'" दामिनीने मान वर केली. "कायम म्हणते. पण हे कोणाबद्दल लिहून राहिले? वडीलधारे कोणते?"

उत्तर भिंतीजवळून आलं. वर्ग सोडायचं विसरलेले एउसेबियो आजोबा आपल्या रिकाम्या घरात, आपल्याच नादात, बेसूर पण मन लावून गात होते :

"लागली रे लागली, ओद तुजी लागली..."

दामिनीने स्पीकरकडे पाहिलं. मग वडिलांच्या घसरलेल्या फेट्याकडे. मग आईकडे. तिचं तोंड उघडलं. बराच वेळ उघडं राहिलं, आणि मिटलं.

"रागावली का वं बेटा?" मधुकररावांनी घाबरत विचारलं. "तुझा वर्ग बंद करून राहिले होते ते. मले दुसरं काही सुचलं नाही."

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग पायरीवर बसून म्हणाली, "मी खरं काय ते लिहून टाकते त्यांले. खोट्यावर नोकरी नको."

"लिही," मधुकरराव म्हणाले, जरी त्यांच्या नाकाला मिरचीचा वास येऊन गेला.

तिने लिहिलं : मी गप्प नव्हते. पूर्ण वेळ बोलत होते. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच. मला माफ करा.

सगळे फोनभोवती कोंडाळं करून उभे राहिले. उदबत्तीचा धूर त्यांच्या डोक्यांवरून सावकाश गाभाऱ्याकडे जात होता. उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

"काय म्हणते?" चंपतरावांनी विचारलं.

दामिनीने वाचलं. "'आम्हाला कल्पना आहे. तुमचे ओठ दिसत होते. म्हणूनच म्हणतो, पुढच्या गुरुवारीही असंच करा. विषय : टेक.'"

चंपतरावांनी घसा खाकरला. "गुरुवारी देऊळ मोकळंच हाय. मधुकरराव, तुम्हीच उभे राहा. अन् ते पाहुणे येतीन ना गा? त्यायच्याबिगर आता मजा नाही." मग त्यांनी भुवया उंचावल्या. "पण टेक म्हंजे काय होय?"

"भिंतीले टेकते, तो टेक," नत्थूजी म्हणाले.

"नाही गा. देवापुढं माथा टेकते, तो टेक," बायजाबाई म्हणाल्या.

"अरे, टेक तं आपल्या घरचाच हाय!" चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. "रामटेक!"

"टेक म्हणजे पण. निश्चय," मधुकरराव एक पाय पुढे टाकून म्हणाले. "टेक धरणे. व्वा! याच्यावर तं रात्रभर बोलता येते."

खरा अर्थ दामिनीच्या अगदी ओठांवर आला होता. त्याचे पंधरा उपयोग, चार अपवाद आणि एक अनियमित रूपही मागोमाग आलं होतं. तिने एकदा स्पीकरकडे पाहिलं. मग संत्र्याची फोड तोंडात टाकली, भिंतीला पाठ टेकली, आणि ऐकत बसली.